पोटात शिळं राहतंय

आक्का,

तुझ्या तेराव्याला कुसुमनं तुझं ताट वाढलं. भात, वरण, दोन भाज्या, कुरडई, पुरणपोळी. पोळीवर ती तूप सोडत होती ते थांबेचना. शेवटी मी म्हटलं, "कुसुम, बास की." माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "असू दे दादा. खाऊ दे तिला पोटभर. आता बघायला कोण न्हाई."

कुणीतरी खोकलं. मागं दोन बायका एकमेकींकडं बघून खाली बघायला लागल्या. कुसुमनं तुपाची वाटी ठेवली आणि ती रडायला लागली. ते रडणं रागाचं होतं. आपली धाकटी बहीण तुझ्यावर तुझ्या तेराव्यालाही रागावलेली होती, आणि त्या रागाचं कारण मी तिथंच, ताटापासून हातभर अंतरावर पाटावर बसलो होतो.

तेव्हा बोलायला हवं होतं. बोललो नाही. त्याला आता नऊ दिवस झाले.

आपल्या गोतात सगळ्यांना एक गोष्ट पक्की माहीत आहे, की आक्का चोरून खायची. लोकांसमोर दोन घासांवर ताट सारायची आणि मागं काहीबाही तोंडात टाकायची. हे खोटं आहे. ते मी पसरवलं. मी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे आणि हे खोटं माझ्या मागं राहू नये, म्हणून लिहायला बसलोय. लिहितोय तुला, पण याच्या प्रती काढून जतला कुसुमकडं, पुण्याला पोराकडं आणि साताऱ्याच्या त्या डॉक्टरांकडं पाठवणार आहे. शाळेत तीस वर्षं कारकुनी केली. काय झालं ते क्रमानं लिहायची सवय आहे. तीच आता उपयोगाला येईल.

तुझे मालक गेल्यावर तू माझ्या घरी रहिमतपूरला आलीस. शालन होती तोवर घरात तुम्हा दोघींचा आवाज असायचा. माझी बायको आणि माझी बहीण मिळून मला हसायच्या, आणि मी रागावल्यासारखं करायचो. शालन गेली, पोरगा पुण्याला, मग आपण दोघं उरलो. स्वयंपाक तुझा. मला वाढायचीस, मी जेवून हात धुवून पेपर घेऊन पडवीत बसायचो, मग तू आत एकटी जेवायचीस. आपल्यात बाया मागनंच जेवतात. आई तशीच जेवायची, शालन तशीच जेवायची. त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही. पण त्यामुळं झालं असं, की सत्तर वर्षांत मी तुला जेवताना एकदाही नीट पाहिलेलं नव्हतं. तू किती भाकरी खातेस असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. पुढं ते विचारलं गेलं, आणि मला सांगता आलं नाही.

तुझी शुगर जुनी. गोळ्या तू वेळेवर घ्यायचीस. तरी एक वर्ष असं आलं की तुझा आकडा ताळ्यावर राहीना. मी ते शुगर मोजायचं छोटं मशीन आणलं होतं. जेवणानंतर बघावं तर शुगर कमी, तुला घाम फुटलेला, हात थरथरतायत. आणि पहाटे उपाशीपोटी बघावं तर तीनशेच्या घरात. मी विचार केला, उपाशी माणसाची साखर वाढते कशी? मग माझ्या लक्षात आणखी गोष्टी यायला लागल्या. कुणाकडं जेवायला गेलं की तू दोन घासांत पोट भरलं म्हणायचीस. म्हणजे घरून खाऊन निघत असणार. उलट्या व्हायच्या. म्हणजे नको ते खात असणार. एकेक गोष्ट दुसरीला नीट जुळत होती. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटत होतं.

तू मला सांगत होतीस, आक्का. किती वेळा सांगितलंस.

"दत्तू, पोटात शिळं राहतंय रं."

"शिळं राहायला पोट म्हंजे काय भाकरीची दुरडी हाय?"

"तसंच झालंय बघ. काल दुपारची मटकी आज सकाळी जशीच्या तशी बाहेर पडली."

"आक्का, मी चा पितोय."

"पी की. तुझा चा खाली उतरतोय तरी. माझा गळ्याशीच बसून ऱ्हातोय."

मी हसायचो. शेजाऱ्यांना सांगून हसायचो, की आमच्या आक्काच्या पोटात शिळं राहतंय. शब्दच तसा होता. कुठल्या औषधाच्या दुकानात हा आजार सांगायचा?

शेवटी साताऱ्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, दुर्बिणीनं आत बघू, रात्री आठनंतर पोटात काही नको. तू आयुष्यभर सोमवार केलेली बाई. "एका रात्रीचं काय सांगतोय त्यो मला," म्हणालीस. साडेसातला वाटीभर भात खाल्लास आणि आडवी झालीस. सकाळी मी चूळ भरून आत आलो तर दुरडीतलं फडकं विस्कटलेलं. रात्री दोन भाकऱ्या होत्या, एकच उरलेली. मनात म्हटलं, चला, आज सापडली.

पुढचं तुला माहीत आहे, पण कुसुमला माहीत नाही. म्हणून सगळं लिहितो.

तुला आत नेऊन दहा मिनिटंही झाली नव्हती तोच मला हाक आली. तू डाव्या कुशीवर होतीस. नळी नुकतीच काढलेली, घसा बधिर करायचा फवारा मारलेला, जीभ तुझ्या ताब्यात नव्हती. तोंडाच्या कडेनं लाळ येत होती. डॉक्टर चिडले होते. पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे बघा. हे अन्न आहे. यामुळं मला पुढचं काहीच दिसत नाही. शिवाय हे उलटून श्वासात गेलं असतं तर? काय सांगितलं होतं मी?"

मी घाबरलो. आणि खरं सांगायचं तर माझा अपमान झाला. आयुष्यभर मी लोकांना "अर्ज अपुरा आहे" म्हणून परत पाठवलेलं, आणि आज मीच अपुऱ्या तयारीनं आलेला माणूस झालो होतो.

"यांनी सकाळी खाल्लंय का काही?" त्यांनी विचारलं.

तू हात हलवलास. बधिर जिभेनं "न्ह... न्ह..." असा आवाज काढलास.

मी म्हणालो, "हो. भाकरी खाल्ली. मी बघितलं."

"मग तेव्हाच सांगायचं नाही का भाऊसाहेब?"

"नको म्हटलं तरी ऐकत नाही हो ती."

भाकरी कमी दिसली, एवढंच मी बघितलं होतं. तेवढंच म्हणालो असतो तर तो नुसता संशय राहिला असता. "मी बघितलं" हे दोन शब्द माझे. डॉक्टरांनी ते कागदावर घेतले. रुग्णानं तपासणीआधी अन्न घेतल्यानं तपासणी अपुरी राहिली, नातेवाइकांनी दुजोरा दिला. खाली सही.

तू हात हलवायची थांबलीस. माझ्याकडं बघितलंस. मग डोळे मिटून घेतलेस.

स्टँडवर आलो. कोरेगावकडची गाडी लागायची होती. तुला पाणी प्यायलाही अजून तासभर बंदी होती. बाकावर बसल्यावर तू पिशवीत हात घातलास, फडक्यातली पुरचुंडी काढलीस आणि माझ्या मांडीवर ठेवलीस. तोंडानं बोलता येत नव्हतं, म्हणून नुसतं हातानं "खा" म्हणालीस. भाकरी होती, वर लसणाची चटणी. माझा उपास घडू नये म्हणून सकाळी बांधून घेतली होतीस.

मी ती खाल्ली. सगळी.

दवाखाना तिथून चालत दहा मिनिटांवर होता. परत जाऊन "साहेब, चुकलं, तिनं खाल्लं नव्हतं" एवढं सांगायला कितीसा वेळ लागला असता? तेवढ्यात गाडी लागली. आणि मी स्वतःला समजावलं, की भाकरी सापडली खरी, पण पडद्यावर अन्न होतं ते डॉक्टरांनी डोळ्यांनी बघितलंय. ते कुठून आलं? भाकरी नसेल तर दुसरं काही खाल्लं असेल. माणूस स्वतःला वाचवायला लागला की त्याची बुद्धी फार चालते.

घरी येऊन मी कुसुमला फोन केला. तिलाही तेच सांगितलं. "डोळ्यांनी बघितलं मी," म्हणालो. कुसुम आधी हसली, मग गंभीर झाली. "भावाच्या घरात बहिणीला चोरून खायची येळ यावी, दादा? तू पोटभर घालतोस न्हवं?" ही गोष्ट अशी माझ्यावर उलटेल असं वाटलं नव्हतं. मी लगेच म्हणालो, "घरात कशाला काय कमी आहे? तिची जीभच ताब्यात नाही." हे मी पुढं आणखी चार जणांना सांगितलं. दर वेळी थोडं जास्त खात्रीनं.

आठवड्यानं दुसऱ्यांदा दुर्बीण झाली. या वेळी दोन दिवस फक्त ताक, पेज आणि पाणी, आणि मी राखणीला. आत सगळं स्वच्छ. गाठ नाही, जखम नाही, कुठं वाट अडलेली नाही. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही, पित्त आहे. मी घरी येताना तुला म्हणालो, "बघ, मी डोळ्यांत तेल घालून बसलो तर कसं पोट साफ निघालं."

दुसऱ्या दिवशी फडताळाला कुलूप लावलंस आणि किल्ली आणून माझ्यापुढं ठेवलीस. "तुझ्यापाशी ठेव. म्हंजे तुलाबी घोर न्हाई आन मलाबी न्हाई."

मी ती घेतली, आक्का. तेव्हा नको म्हणायला हवं होतं. मी ती कमरेच्या करगोट्याला बांधली आणि पुढची दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ तुला डबे काढून देत राहिलो. तुझ्याच हातच्या पापडाचे डबे.

त्या दोन वर्षांत तू वाळत गेलीस. आणि कुसुमच्या धाकटीचं लग्न आलं. जतला एवढ्या उन्हात मांडव, पाण्याचे टँकर उभे, कुसुमची नुसती धावपळ. पण तुझी पंगत तिनं स्वतः वाढली. थोरल्या बहिणीला आग्रह करायचा तिचा हक्क होता. तू तीन घास खाल्लेस आणि हात आखडता घेतलास. तिनं चौथा घास स्वतःच्या हातानं तुझ्या तोंडाशी नेला. तू तोंड फिरवलंस. तेव्हा भर पंगतीत ती म्हणाली, "घरात चोरून खातीस आनि माझ्या दारात उपाशी बसतीस. माझं अन्न विटाळलंय काय?"

वाढपी थांबले. मी तुझ्या पुढच्या रांगेत बसलो होतो, चार पावलांवर. तू माझ्याकडं बघितलं नाहीस. बघितलं असतंस तर मी बोललो असतो असं मी कित्येक दिवस स्वतःला सांगत आलो. तेही खोटंच. तू उठलीस, मांडवाच्या मागं गेलीस आणि जे तीन घास पोटात होते तेही तिथं गेले. त्यानंतर तुम्ही दोघी बोलला नाहीत. तुझ्या आजारपणात कुसुम आली नाही. आली ती तुझ्या मातीला.

सांगलीला जायचं पोरानं ठरवलं. तिथं पोटाच्या एक डॉक्टरबाई आहेत असं त्याला कुणी सांगितलं होतं. आपण सकाळच्या पॅसेंजरनं गेलो. बाईंनी फाईल उघडली, दोन पानं वाचली आणि बाजूला ठेवली. मी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "काका, थांबा जरा. मला आजींना विचारू दे."

"किती घासांत पोट भरतं आजी?"

"तिसऱ्या घासाला गच्च."

"उलटीत काय पडतं?"

"कालचं."

"कालचंच कशावरून?"

"रांधलंय मीच की बाई. माझी मटकी मला वळखू येणार न्हाई व्हय?"

बाई हसल्या. तूही हसलीस. मग तू म्हणालीस, "खरं सांगू का, माझ्या पोटात शिळं राहतंय बगा. हा दत्तू हसतोय मला."

बाई हसायच्या थांबल्या. त्यांनी तुला आडवं केलं, पोटावर नळी लावली, कमरेला धरून तुला हलक्या हातानं इकडून तिकडं हलवलं आणि ऐकत राहिल्या. "किती वाजता जेवलात?" "काल सांजच्याला, दूधभात." मग बाईंनी नळी माझ्या कानाला लावली. आत डुचमळत होतं. अर्धी भरलेली कळशी डोक्यावरून नेताना होतं तसं. काल संध्याकाळपासून उपाशी असलेल्या माझ्या बहिणीच्या पोटात अन्न डुचमळत होतं आणि मी ते माझ्या कानांनी ऐकत होतो.

"काका, आजींनी आजार सांगून टाकलाय," बाई म्हणाल्या. "वाट कुठं अडलेली नाही हे दुर्बिणीत दिसलंच आहे. आता पोट किती हळू रिकामं होतंय ते मोजू."

त्यासाठी आठवड्यानं परत गेलो. आधी काही गोळ्या बंद ठेवायला सांगितल्या होत्या, कारण त्यांनीही पोट सुस्तावतं किंवा पळतं. सकाळी पहिल्यांदा तुझी शुगर बघितली. ती फार चढलेली असली तर पोट तेवढ्यापुरतंही मंदावतं, मग तपासणीला अर्थ नाही. मग तुला खायला दिलं. तिथं अंडं देतात, तू माळकरी, म्हणून इडली. त्या इडलीत मशीनला दिसेल असं काही थेंबभर घातलेलं. दहा मिनिटांत संपवायची होती.

मी समोर बसलो होतो. तू इडली मोडलीस, घास घेतलास, डोळे मिटून गिळलास. थांबलीस. दुसरा घेतलास. तिसऱ्याला तुझ्या कपाळावर घाम आला. एकेक घास तू दगड उचलावा तसा उचलत होतीस. मी सत्तर वर्षांत पहिल्यांदा तुला जेवताना बघत होतो. मध्येच डोळे उघडून तू म्हणालीस, "काय बगतोस? आज चोरून न्हाई खात."

तिथल्या मुलीला तो विनोद वाटला. ती हसली.

खाल्ल्या खाल्ल्या एक फोटो, मग एका तासानं, मग दोन तासांनी, मग चार तासांनी. मधल्या वेळात आपण बाहेरच्या बाकावर. तू म्हणालीस, "लग्नात सुदीक माझे एवढे फोटो न्हाई काढले. आनि ते बी आतनं." मी म्हणालो, "दुखतंय का?" म्हणालीस, "न्हाई. बसलंय आपलं जागेवर." मला त्या बाकावर सगळं बोलून टाकायचं होतं. चार तास होते. मी तुला पेपर वाचून दाखवला.

शेवटचा फोटो झाल्यावर बाईंनी दोघांना आत बोलावलं. पहिल्या फोटोत एक पांढरा डाग, चौथ्यात जवळजवळ तेवढाच डाग. "चार तासांनी दहावा हिस्सा उरला तरी चालतो. इथं निम्म्याहून जास्त अन्न तसंच आहे," त्या म्हणाल्या. "शुगरनं पोटाच्या नसा दमल्यात. त्यामुळं पोट दळत नाही आणि पुढं ढकलत नाही. गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात याला. म्हणूनच यांची साखर अशी वेळी-अवेळी चढते-उतरते. रात्रीचं जेवण अंगाला लागतं ते पहाटे." माझे सगळे पुरावे त्या बाईंनी एका दमात उलटे करून ठेवले.

मग त्यांनी फाईल परत उघडली. "आजी, दोन वर्षांपूर्वी साताऱ्याला पोटात अन्न दिसलं होतं. रात्रभर उपाशी असून दिसलं असेल, तर तेव्हाच हे लक्षात यायला हवं होतं. पण इथं लिहिलंय सकाळी खाल्लं होतं. खाल्लं होतं का?"

मी जमिनीकडं बघत होतो. तुझी नजर माझ्यावर आलेली मला कळली.

तू म्हणालीस, "लय दिस झालं बाई. ध्यानात न्हाई."

तुला कुठला सोमवार कुठं मोडला ते पन्नास वर्षांमागचं ध्यानात असायचं, आक्का.

परतीच्या गाडीत मी करगोट्याची किल्ली सोडली आणि तुझ्या हातात ठेवली. तू ती बघितलीस, परत माझ्या हातात दिलीस. "ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी. सवय झालीया आता." त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

पुढचं दीड वर्ष मला तुझ्याकडून मिळालं, त्याबद्दलही लिहायला हवं. बाईंनी सांगितलं होतं, थोडं थोडं, पाच वेळा, मऊ, तूप-तेल कमी, चोथा कमी. जेवणाआधी अर्धा तास गोळी, जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. मी मिक्सर शिकलो. लापशी शिकलो. आणि आपण एकत्र जेवायला लागलो. मी समोर बसायचो, तू लाजायचीस. "उठ की रं, घास उतरत न्हाई तू बगितल्यावर." मी उठायचो नाही. मग जेवून परसात आंब्याभोवती फेऱ्या. तू पुढं, मी मागं. उलट्या कमी झाल्या, थांबल्या नाहीत. तुझ्या गालांवर जरा मांस आलं. एकदा म्हणालीस, "आज भूक लागली रं," आणि तुझं तुलाच नवल वाटलं.

त्या दीड वर्षात कुसुमला मी एवढंच कळवलं, की आक्काला पोटाचा आजार निघालाय. ती म्हणाली, "खाऊन खाऊन निघणारच." त्याला उत्तर द्यायचं तर "मी बघितलं नव्हतं" हे सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "हं." तुझ्या नावावर मी "हं" म्हणालो.

मी तुझा जीव घेतला असं मी लिहीत नाही. बाई म्हणाल्या, शेवटी किडनीनं गेल्या, शुगर जुनी होती. मी त्यांना दोनदा विचारलं, ती दोन वर्षं वाया गेली नसती तर? त्या म्हणाल्या, "त्रास कमी झाला असता." त्याहून जास्त बोलल्या नाहीत. दोन वर्षांचा त्रास, आक्का. तिसऱ्या घासाचा, पहाटेच्या कोरड्या उमाशांचा, कुलपाचा. आणि एका बहिणीचा.

आता मी एकटाच जेवतो. पहिले काही दिवस दोन ताटं घेतली गेली. आता एकच घेतो आणि उभ्यानंच खातो. समोर कुणी नसलं की बसून जेवायचं कारण कळत नाही. तू इतकी वर्षं आत तशीच जेवलीस.

इथवर लिहून कागद बाजूला ठेवले आणि काल दुपारी कुसुमला फोन केला.

"कुसुम, आक्का त्या दिवशी उपाशी होती."

"कंच्या दिवशी?"

"साताऱ्याला. दुर्बिणीच्या. मी बघितलं म्हणालो होतो. मी काही बघितलं नव्हतं."

"मग भाकरी?"

"ती मी खाल्ली. माझ्यासाठी बांधून आणली होती तिनं."

मग मी सगळं सांगितलं. डुचमळणं, इडली, चार तासांचे फोटो. माझं झाल्यावर म्हणाली, "माझ्या पोरीच्या लग्नात मी तिला बोलले, तवा तू पुढं बसला हुतास."

"हो."

"आनि तिला ठावं हुतं? तू डाक्टरला काय सांगितलंस ते?"

"तिच्या समोरच सांगितलं होतं."

"आनि ती मला तुझं नाव बोलली न्हाई. भर मांडवात."

"नाही बोलली."

मग ती म्हणाली, "दादा, तू सांगून मोकळा झालास. आता मी कुणाला सांगू?"

तिकडं जतच्या माळावर दुपार होती, मेंढरं ओरडत होती, तिला कुणीतरी लांबून हाक मारत होतं. तिनं ओ दिली नाही. फोनही ठेवला नाही. मीही ठेवला नाही.